सॉरी नेमकं कधी आणि कसं म्हणायचं

माझे वडील गेले त्या आठवड्यात परदेशातल्या एका क्लायंट बाईंचा मेल आला होता, पहिलीच ओळ, आय अ‍ॅम सो सॉरी. आईने विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, अगं पण त्या का सॉरी म्हणतायत, त्यांनी काय केलं?

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. पण आईचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण आपल्याकडे सॉरी म्हणजे चूक कबूल करणं, एवढंच. लहानपणी कुणाला ढकललं की घरचे दंड धरून म्हणायचे, सॉरी म्हण त्याला, आणि तिथेच हा शब्द आपल्या डोक्यात पक्का बसतो. आता मी संध्याकाळी घरी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते आणि दर बॅचमध्ये बघते की सॉरी सगळ्यांना येतं, पण पाचसहा ठिकाणी हमखास अडतं, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितेय.

आधी शब्द कुठून आला ते बघा, कारण ते कळलं की निम्मं काम होतं. जुन्या इंग्रजीत सारिग असा शब्द होता आणि तो आला सार वरून, सार म्हणजे दुखणं, जखम. घसा दुखला की सोअर थ्रोट म्हणतात ना, त्यातलं सोअर म्हणजे हाच सार, जुन्या स्टान चं स्टोन झालं आणि हाम चं होम झालं तसं सार चं सोअर झालं. म्हणजे सॉरी म्हणजे मुळात दुखऱ्या मनाचा माणूस, ज्याला आतून लागलंय असा. त्यात चूक कुणाची, माफी कुणी मागायची, असलं काहीच नव्हतं. सॉरो म्हणजे दुःख हा शब्द सॉरीचा सख्खा भाऊ वाटतो पण तो निराळ्या घरातला आहे, सोर्ग नावाच्या दुसऱ्याच जुन्या शब्दापासून आलेला, फक्त आवाज आणि अर्थ जवळचे म्हणून सॉरीचं रूप हळूहळू त्याच्या वळणावर गेलं. आणि जर्मन शिकणारे कुणी असाल तर तुमचं झेअर, म्हणजे खूप, तेही याच सार च्या मुळातलं, आधी त्याचा अर्थ दुखेल इतकं असा होता. आपण नाही का म्हणत, भयंकर आवडलं, तसंच.

आता मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट. आपल्या मराठीत पण हेच झालंय! स्टेशनवर गाडी उशिरा आली की दिलगीर आहोत असं ऐकू येतं, तो दिलगीर शब्द फारसीतला, दिल म्हणजे मन आणि गीर म्हणजे धरलेलं, पकडलेलं, थोडक्यात उदास, खिन्न. मूळ अर्थ दुःखी, पण आज आपण दिलगिरी व्यक्त करतो ती माफीच्या जवळची. म्हणजे मनाला लागलंय इथून सुरुवात आणि माझं चुकलं इथपर्यंत प्रवास, दोन्ही शब्दांचा रस्ता एकच. फरक इतकाच की दिलगीरचा जुना अर्थ मराठीत बऱ्यापैकी मागे पडला आणि सॉरीचा इंग्रजीत अजून रोज वापरात आहे. आईच्या प्रश्नाचं उत्तर हेच, त्या बाई माफी मागत नव्हत्या, त्या म्हणत होत्या की ऐकून मला आत कुठेतरी लागलं.

म्हणून पहिलं काम हे करा, सॉरी म्हणायच्या आधी मनात मराठीत विचारा, मला इथे वाईट वाटलंय की माझं चुकलंय. दोन्हीला सॉरी चालतं पण पुढचं वाक्य वेगळं येतं.

वाईट वाटलं असेल तर. कुणी आजारी आहे, नोकरी गेली, परीक्षेत राहिलं, तर आय अ‍ॅम सॉरी टु हिअर दॅट. कुणी गेलं असेल तर आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस, किंवा नुसतं आय अ‍ॅम सो सॉरी, एवढं पुरतं, लांबलचक लिहायची गरज नसते. इथे एक चूक फार होते आणि ती समोरच्याला टोचते, म्हणून नीट वाचा. आय अ‍ॅम सॉरी फॉर यू असं म्हणू नका. फॉर युअर लॉस म्हटलं की दुःखात सोबत असते, पण फॉर यू म्हटलं की त्याला कीव केल्याचा वास येतो, बिच्चारा रे तू, असा. आय फील सॉरी फॉर हिम हे तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना ठीक, पण त्याच्या तोंडावर नको.

आणि तुम्हाला कुणी असं सांत्वनाचं सॉरी म्हटलं तर उत्तर काय द्यायचं? बरेच जण सवयीने इट्स ओके म्हणतात. दुःखाच्या वेळी ते तुटक वाटतं, जणू समोरच्याची चूक तुम्ही पोटात घातली. तिथे थँक यू म्हणा. मी त्या मेलला उत्तर काय दिलं होतं आठवतंय, नो प्रॉब्लेम! आज ते वाचलं तरी वाटतं की त्या बाईंच्या मायेला मी नीट उत्तर दिलं नाही.

आता चूक झाली असेल तर. सॉरी अबाउट च्या पुढे गोष्ट येते, सॉरी अबाउट द नॉइज, सॉरी अबाउट यस्टरडे. सॉरी फॉर च्या पुढे केलेलं काम, सॉरी फॉर शाउटिंग. आणि सॉरी टु च्या पुढे साधं क्रियापद, पण हे बहुतेक आत्ता करतोय त्याबद्दल असतं, फोन लागला की सॉरी टु डिस्टर्ब यू म्हणतो ते. त्रास देऊन झाला, काल रात्री फोन केला होता, तर आज सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू लास्ट नाइट. टोल्ड मी सॉरी हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ही टोल्ड मी सॉरी, ते नको, ही सेड सॉरी टु मी. आणि नुसतं सॉरी आणि पूर्ण आय अ‍ॅम सॉरी यात वजनाचा फरक आहे, धक्का लागला तर नुसतं सॉरी पुरे, पण कुणाचं मन दुखावलंय तिथे पूर्ण वाक्य बोला आणि पुढे काय चुकलं ते स्वतःच्या तोंडाने सांगा. सॉरी इफ यू फेल्ट बॅड असलं जर तर घालू नका, त्यात वाईट वाटून घेतलं हीच तुझी चूक असा सूर लागतो, आय अ‍ॅम सॉरी आय सेड दॅट, मी तसं बोलले त्याचं वाईट वाटतंय, हे सरळ आहे.

ऑफिसच्या मेलमध्ये सॉरी चालतंच, पण औपचारिक हवं असेल तर आय अपॉलजाइझ फॉर द डिले. क्रियापद अपॉलजाइझ, आणि अपॉलजीज हे नाम, अनेकवचनी, त्यामुळे आय अपॉलजीज असं लिहू नका, एकतर आय अपॉलजाइझ नाहीतर नुसतं अपॉलजीज फॉर द डिले. हा शब्द ग्रीकमधल्या अपोलोगिया वरून आलाय, तिथे त्याचा अर्थ स्वतःच्या बचावाचं भाषण असा. सॉक्रेटिसवर इसवीसनपूर्व 399 मध्ये अथेन्समध्ये खटला चालला तेव्हा त्याने केलेल्या बचावाला इंग्रजीत आजही अपॉलजी म्हणतात, आणि त्यात तो माफी अजिबात मागत नाही. म्हणजे बघा, सॉरी दुखण्यातून आला आणि अपॉलजी कोर्टातल्या बचावातून, तरी दोन्ही येऊन एकाच दारात उभे राहिले. पण सांत्वनाला अपॉलजाइझ कधीच चालत नाही. कुणाची आई गेली आणि तुम्ही आय अपॉलजाइझ म्हणालात तर खरंच तुम्ही काहीतरी केलंय असा अर्थ होईल.

हा वाईट वाटलं आणि चुकलं मधला फरक किती मोठा ठरू शकतो याचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगते. 1 एप्रिल 2001 ला अमेरिकेचं एक हेरगिरीचं विमान आणि चीनचं लढाऊ विमान हैनान बेटाजवळ एकमेकांवर आदळले, चिनी वैमानिक वांग वेई त्यात गेला, अमेरिकेचं विमान परवानगी न घेता हैनानवर उतरलं आणि त्यातली 24 माणसं चीनने अडकवून ठेवली. चीन म्हणे माफी मागा, अमेरिका म्हणे आमची चूक नाही. सुरुवातीला अमेरिकेने रिग्रेट म्हणजे खेद हा शब्द वापरला, तो चीनला पुरला नाही. शेवटी 11 एप्रिलला अमेरिकेच्या राजदूताने पत्र दिलं, त्यात दोन ठिकाणी व्हेरी सॉरी होतं, एकदा त्या वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा तोंडी परवानगीशिवाय विमान उतरवल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं की माफी आली, अमेरिकेने सांगितलं की आम्ही माफी मागितलेली नाही, आणि माणसं सुटली. एकाच शब्दातले दोन अर्थ दोघांनी वाटून घेतले म्हणून तो तिढा सुटला!

उलटं पण होतं. ऑस्ट्रेलियात सरकारने मूलनिवासी लोकांची मुलं त्यांच्या आईबापांपासून तोडून नेली होती, कित्येक दशकं हे चाललं. 1999 मध्ये तिथल्या संसदेने रिग्रेट व्यक्त केलं, पण लोकांना तेवढ्याने समाधान नव्हतं, त्यांना सॉरी हाच शब्द हवा होता. 2000 च्या मे महिन्यात सिडनीच्या हार्बर ब्रिजवर प्रचंड मोठा जमाव चालत गेला तेव्हा वर आकाशात विमानाने धुराने एकच शब्द लिहिला होता, सॉरी. तो शब्द संसदेत यायला 13 फेब्रुवारी 2008 उजाडलं, पंतप्रधान केविन रड यांनी वुई से सॉरी असं म्हटलं, एकदा मुलांना, एकदा त्यांच्या आईवडिलांना, एकदा त्या सगळ्या समाजाला. मला हे सांगताना दरवेळी भरून येतं. रिग्रेटमध्ये मान असतो, पण सॉरीमध्ये ते जुनं दुखणं अजून शिल्लक आहे, म्हणून लोक त्याच शब्दासाठी इतकी वर्षं थांबले.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक कामाचं. गाडी ठोकली गेली की आपण घाबरून सॉरी सॉरी करतो, आणि काही ठिकाणी ते चूक कबूल केल्यासारखं धरलं जाईल अशी भीती असते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने 2006 मध्ये आणि ओंटारिओने 2009 मध्ये यासाठी कायदाच केला, की दिवाणी दाव्यात नुसतं सॉरी म्हटलं म्हणजे दोष मान्य केला असं धरायचं नाही. सगळीकडे असा कायदा नाही, त्यामुळे रस्त्यावर आधी आर यू ओके विचारा, त्याने माणुसकीही राहते आणि गोंधळही होत नाही.

बाकी छोटं छोटं. ऐकू आलं नाही तर सॉरी चा शेवट वर उचलून प्रश्नासारखा म्हणा, म्हणजे काय म्हणालात पुन्हा सांगा, व्हॉट पेक्षा खूप सभ्य. गर्दीतून वाट काढताना, म्हणजे आपण जरा सरका हं म्हणतो तिथे, आधी एक्सक्यूज मी आणि धक्का लागलाच तर नंतर सॉरी. ब्रिटिश माणसं दोन्हीकडे सॉरी म्हणतात, तेही चालतं. अमेरिकन माणसाच्या तोंडी ते आपल्याला सारी असं ऐकू येतं आणि कॅनडात सोरी, तर दचकू नका. नामाच्या आधी सॉरी आलं की मात्र अर्थ पार बदलतो, अ सॉरी स्टेट म्हणजे दयनीय अवस्था, अ सॉरी एक्सक्यूज म्हणजे अगदीच फुसकी सबब, तिथे कुणी माफी मागत नाहीये.

आणि एक सांगायचं राहिलं, कुणाला पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो ना, ते परदेशी माणसाला कळत नाही, मागे सरकतो तो. तिथे सॉरी म्हणा. घरी मात्र नमस्कारच करा.