फिफ्थ-व्हील ट्रेलर घेऊन लांब जाताना थांबे कसे ठरवावेत

कारने निघालं की थांबा वाटेत सुचतो. चहाची तल्लफ आली, मुलांना भूक लागली, की पुढच्या एक्झिटला वळायचं. मागे ३४ फुटी फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात अडकवून ओढायचं चाकांवरचं घर, असला की हे जमत नाही. पिकअप धरून सगळी लांबी ५० फुटांच्या घरात जाते आणि उंची बऱ्याच ट्रेलरची तेरा फुटांच्या आसपास असते. दिसला पंप आणि वळलो असं केलं, तर पुढे भिंत, मागे गाड्यांची रांग आणि डोक्यावर छत अशी अवस्था होते. म्हणून आमच्या घरी नियम आहे: थांबे निघायच्या आदल्या रात्री ठरतात.

आम्ही सॅन अँटोनियोत राहतो आणि दर वर्षी आय-१० या इंटरस्टेट महामार्गाने पश्चिमेला जातो. त्यामुळे उदाहरणं त्याच रस्त्याची देते. तुम्ही न्यू जर्सीत असाल किंवा कॅलिफोर्नियात, पद्धत तीच.

आदल्या रात्री: अंतर तोडून घ्या

ट्रेलरवाल्यांत ३-३-३ असा एक आडाखा प्रचलित आहे: दिवसाला ३०० मैल, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी आणि जमल्यास एका जागी तीन रात्री. तिसऱ्या तीनवर वाद घालता येईल, पहिल्या दोनांवर घालू नका. कारने ५५० मैलांचं सॅन अँटोनियो ते एल पासो एका दिवसात होतं. ट्रेलर घेऊन आम्ही फोर्ट स्टॉकटनला मुक्काम करतो. ते साधारण ३१० मैलांवर आहे. दुसऱ्या दिवशी उरतात २४० मैल, आणि व्हॅन हॉर्न ओलांडल्यावर घड्याळ एक तास मागे जातं, तो तास पदरात पडतो.

मधले थांबे डिझेलच्या हिशेबाने येतात. आमच्या टाकीत ३४ गॅलन मावतं आणि ट्रेलर ओढताना गॅलनला नऊ-दहा मैल पडतात. समोरून वारा असला तर त्याहून कमी. टाकी अर्धी झाली की भरायची असं धरलं, तर दीडशे मैलांवर पंप हवाच. जंक्शन, सोनोरा, ओझोना ही गावं त्या अंतराला सोयीची पडतात. ओझोनाच्या पुढे फोर्ट स्टॉकटनपर्यंत जवळजवळ शंभर मैल फारसं काही नाही, म्हणून तिथे 'पुढे बघू' म्हणायचं नाही.

यादीतला प्रत्येक थांबा उपग्रहाच्या नकाशावर मोठा करून बघा. दोनच गोष्टी शोधायच्या: आत शिरायची वाट आणि बाहेर पडायची वाट. दोन्ही वेगळ्या असल्या आणि मध्ये काटकोनात वळावं लागत नसलं, तर तो थांबा पक्का. बाहेरची वाट दिसत नसेल तर जागा कितीही छान असो, खोडून टाका. प्रत्येक थांब्याला एक पर्यायही लिहून ठेवा, कारण भरलेला पार्किंग लॉट नकाशात दिसत नाही.

उंची स्वतः मोजा. कंपनीच्या कागदावरचा आकडा धरू नका. छतावरच्या एसीच्या माथ्यापर्यंत टेप लावा आणि आलेला आकडा फूट-इंचांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पंपाच्या छतावर उंचीची पाटी दिसते तेव्हा आठवायला वेळ नसतो.

कुठे थांबता येतं

इंटरस्टेटवरच्या सरकारी रेस्ट एरियात ट्रेलरसाठी जागा असते, पण शिरतानाच रस्ता दुभंगतो: एक फाटा कारचा, एक ट्रक आणि आरव्हीचा, म्हणजे आपल्यासारख्या राहण्याच्या गाड्यांचा. पाटी लवकर वाचा. कारच्या फाट्यात घुसलात तर वळायला जागा मिळत नाही. इथे जेवण विकत मिळेल या भरवशावर राहू नका. इंटरस्टेटच्या रेस्ट एरियात हॉटेल किंवा पंप चालवायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. फार तर खाण्यापिण्याची यंत्रं असतात. १९६० च्या आधी बांधलेल्या काही टोल रस्त्यांना यातून सूट आहे, म्हणून ओहायो किंवा न्यू जर्सी टर्नपाइकवर मोठी उपाहारगृहं दिसतात. आमच्या डब्यात दशम्या आणि दाण्याची चटणी असते. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते आणि पाण्याची कटकट नाही. प्रवासाला याहून सोयीचं काही मला अजून सापडलेलं नाही.

किती वेळ थांबता येईल हे राज्यागणिक बदलतं. टेक्सासात २४ तास, ओरेगॉनमध्ये १२, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये आठ, फ्लोरिडात फक्त तीन. झोप काढायला हरकत नसली तरी तंबू, खुर्च्या, शेगडी बाहेर मांडणं चालत नाही. टेक्सासात 'पिकनिक एरिया' असं लिहिलेल्या जागा वेगळ्या: तिथे बाक आणि सावली असते, शौचालय बहुधा नसतं.

दुसरी सोय मोठ्या ट्रक स्टॉपची. लव्हज, पायलट, फ्लाइंग जे यांच्या बऱ्याच ठिकाणी आरव्हीसाठी वेगळी रांग असते. ती नसेल तर ट्रकच्या रांगेत जा. छत उंच असतं आणि सरळ पुढे बाहेर पडता येतं. मात्र तिथल्या नळीचं तोंड मोठं आणि धार जोरात असते, पिकअपची टाकी फेसाळून नळी सारखी बंद पडते. खटका अर्धाच दाबून सावकाश भरा. भरून झालं की पुढे जमिनीवर आखलेल्या पट्ट्यापर्यंत गाडी सरकवा आणि मगच आत पैसे द्यायला किंवा कॉफी घ्यायला जा. मागच्या ट्रकवाल्याचा वेळ मोजलेला असतो.

याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. अमेरिकेत ट्रकचालकाला सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं. वेळ संपली की त्याला थांबावंच लागतं, आणि संध्याकाळनंतर जागा मिळत नाही. २००९ साली साउथ कॅरोलायनात जेसन रिव्हनबर्ग हा चालक माल उतरवायला वेळ होता म्हणून एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला होता. तिथे लुटारूने त्याचा जीव घेतला. ट्रकांसाठी सुरक्षित पार्किंग वाढवण्याची तरतूद २०१२ च्या कायद्यात आली, ती त्याच्या नावाने 'जेसन्स लॉ' म्हणून ओळखली जाते. म्हणून संध्याकाळी ट्रकच्या जागेत ट्रेलर लावून झोपू नका. आपल्याला कॅम्पग्राउंड आहे, आधी आरक्षण करता येतं. त्याला त्या रात्री तीच एक जागा असते.

वॉलमार्टच्या आवारात रात्र काढायची असेल तर आत जाऊन मॅनेजरला विचारा. काही दुकानं हो म्हणतात, काही ठिकाणी गावाचाच नियम आड येतो.

थांबल्यावर पहिली दहा मिनिटं गाडीची

आपल्याकडे ट्रक ढाब्यावर लागला की चालक खाटेवर बसतो, पण क्लीनर आधी टॉमी घेऊन प्रत्येक टायरवर ठोकत फिरतो. आवाजावरून त्याला हवा कळते. ट्रेलर घेतला तेव्हा मला पहिल्यांदा त्या पोरांच्या कामाची किंमत कळली. आमच्या गाडीची क्लीनर मी आहे.

पहिला थांबा मुद्दाम लवकर घ्या, निघाल्यापासून २०-३० मैलांवर. जे सैल राहिलं असेल ते तोवर दिसायला लागतं. चाक नुकतंच बदललं असेल तर पहिल्या ५० ते १०० मैलांत नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. त्यानंतर दर दोन तासांनी एक थांबा आणि दर थांब्याला तीच फेरी.

फेरी अशी: ड्रायव्हरच्या दारापासून सुरू, घड्याळाच्या उलट दिशेने, संपूर्ण एक वळसा. पिकअपच्या हौद्यात वाका. ट्रेलरची किंगपिन (जोडणीचा जाड खिळा) हिचच्या, म्हणजे हौद्यातल्या पकडीच्या, जबड्यात अडकलेली आहे ना, हँडल पूर्ण आत आणि त्याची खीळ जागेवर आहे ना, दिव्यांची सात पिनांची वायर घट्ट आहे ना, आणि ब्रेकअवेची तार लोंबून रस्त्याला घासत नाही ना. ट्रेलर सुटलाच तर ही तार ओढली जाऊन त्याचे ब्रेक लागतात, म्हणून ती हिचच्या हँडलला बांधू नका, पिकअपच्या पक्क्या भागाला बांधा. हँडलला कुलूप लावा. तुम्ही आत जेवत असताना कुणी ते ओढलं, तर निघताना कळायला उशीर होतो.

मग चाकं. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. प्रत्येक हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आणि टायरच्या कडेवर रोखून आकडा वाचा. किती आला यापेक्षा बाकीच्यांशी जुळतो का, हे महत्त्वाचं. उन्हाकडची बाजू थोडी जास्त तापते, ते ठीक.

दोन वर्षांपूर्वी सोनोरा सोडून ओझोनाकडे जाताना आम्ही एका पिकनिक एरियात थांबलो. तीन हब ११५ ते १२० अंश फॅरेनहाइट. डाव्या मागच्या हबवर आकडा आला १७४. मला वाटलं मी चुकीच्या जागी रोखला, पुन्हा घेतला, १७६. गुडघ्यावर बसून चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला तर ब्रेकच्या पत्र्यावरून ग्रीसचा काळा ओघळ आलेला, त्यावर बारीक वाळू चिकटलेली. आदल्या महिन्यातच बेअरिंगचं काम करून घेतलं होतं आणि ग्रीस आत धरून ठेवणारं सील तिरकं बसलं होतं. दिसायला चाक अगदी नीट होतं. चालवताना ना आवाज, ना ओढ. चाक गार होऊ दिलं, धोक्याचे दिवे लावून कडेकडेने ओझोना गाठलं आणि एका मेकॅनिककडून बेअरिंग बदलून घेतली. त्या दिवशी 'पुढच्या थांब्याला बघू' म्हटलं असतं तर चाक कुठे निखळलं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

टायर गरम असताना हवा जास्त दाखवतं, ते साहजिक आहे. ती काढू नका. हवा मोजायची आणि भरायची ती सकाळी, गार टायरची. ट्रेलरच्या बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलांची मर्यादा असते. पश्चिम टेक्सासात पाटीवर ८० असलं तरी आपण उजव्या पट्ट्यात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ५५ आहे, अंतराचा हिशेब तिथे तसा करा.

गॅस आणि बोगदे

पंपावर शिरण्याआधी ट्रेलरमधल्या गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत बंद हवी. आम्ही सिलिंडरच घरून बंद करून निघतो. दार उघडलं नाही तर फ्रिज पाच-सहा तास गार राहतो. पूर्वेकडच्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर न्यायला बंदी आहे. आधी आय-६९५ महामार्गावरच्या की ब्रिजने जाता यायचं, पण २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून तो पूल पडला. आता शहराला पश्चिमेकडून वळसा, आणि त्यामुळे थांब्यांच्या वेळाही पुढे सरकतात.

माणसांचं

चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. काही राज्यांत कायद्याला चालतं, पण आत सीटबेल्ट नसतात. आई-बाबा भारतातून आले की बाबांना आत पलंगावर आडवं व्हायचं असतं. त्यांना मी दर वेळी नाहीच म्हणते आणि त्याऐवजी थांबा पंधरा मिनिटांनी वाढवते.

ट्रेलर घेताना किंवा निघण्याआधी एकदा स्लाइड, म्हणजे खोलीचा बाहेर सरकणारा भाग, आत घेऊन बघा: बाथरूमचं आणि फ्रिजचं दार उघडतं का? बऱ्याच ट्रेलरमध्ये अडतं आणि ते रस्त्याकडेला कळतं. दुपारच्या थांब्याला स्लाइड बाहेर काढू नका. वाऱ्याच्या दिवशी गाडीचं नाक वाऱ्याकडे करून थांबा, नाहीतर ट्रेलरचं दार हातातून निसटून कब्ज्यासकट वाकतं. ट्रेलर पिकअपपासून सोडवायचा असेल तर आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग बाकी सगळं. एका रात्रीसाठी आम्ही सोडतच नाही. हिचवर ठेवूनच झोपतो.

निघताना

पायऱ्या आत, दाराला कुलूप, छतावरची हवेची झाकणं बंद, ठोकळे उचललेले. मागे घ्यावं लागलंच तर एकाने उतरून उभं राहायचं, चालकाला आरशात दिसेल असं, आणि दिसेनासं झालं की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. एकटे असाल तर स्वतः उतरा, बघून या, परत बसा, हवं तर तीन वेळा.

शेवटी दिवे. आमची दहा वर्षांची लेक ट्रेलरच्या मागे बाजूला, फुटपाथवर उभी राहते. तिचे बाबा आत एकेक बटण दाबतात आणि ती मोठ्याने सांगते: डावा, उजवा, ब्रेक. तिन्ही ऐकू आले की ती पळत येऊन बसते, पट्टा लावते आणि आम्ही निघतो.