जुनी केस नावावर असताना दवाखान्यातल्या नोकरीचा फॉर्म कसा भरावा

एकोणिसाव्या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीत नागपूरच्या इतवारीत भांडण झालं आणि माझ्यावर भादंविची ३२३, ३२४, ३४ ही मारहाणीची कलमं लागली. चार वर्षं तारखा केल्या, निर्दोष सुटलो. आज मी नागपुरातच ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. जीएनएम (नर्सिंग) किंवा डीएमएलटी (लॅब) केलेली पोरं अजून हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांना कुणीतरी चुकीचं सांगून ठेवलेलं असतं.

पहिलं काम, निकालाची प्रमाणित प्रत. केस नंबर ई-कोर्टच्या ॲपवर सापडतो. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात नकलेचा अर्ज टाका.

प्रत हातात आली की शेवटचं पान वाचा. ‘मिटली’ म्हणून भागत नाही. निर्दोष मुक्तता वेगळी, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करणं वेगळं. कोर्टाच्या परवानगीने झालेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. पण गुन्हा कबूल करून पाचशे रुपये दंड भरला असेल, तर तुम्ही दोषी ठरलेले आहात. हे कित्येकांना माहीतच नसतं. प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सुटलेल्यांची अपात्रता १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम १२ दूर करतं, तरी दोष सिद्ध झाल्याची नोंद राहते.

निकालाची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. तिथल्या नोंदीत केस ‘प्रलंबित’च दिसत राहिली, तर पडताळणीत तेच वर जातं.

आता साक्षांकन नमुना, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म. सरकारी दवाखान्यात निवड झाली की तो भरून द्यावा लागतो. माझं घोडं इथेच अडलं होतं. ओळखीतले एक जण म्हणाले, “भाऊ, सुटला नं तू? मग ‘नाही’ लिहून टाक.” मी लिहिलं. दोन महिन्यांनी पोलिसांचा अहवाल आला आणि निवड रद्द झाली. पत्रात मारामारीबद्दल एक शब्द नव्हता. कारण एकच होतं, माहिती लपवली.

त्या नमुन्यात प्रश्न एक नसतो. कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड झाला का, दोषी ठरलात का, काही प्रलंबित आहे का, असं सगळं वेगवेगळं विचारतात. निर्दोष सुटलेल्याचं ‘दोषी ठरलात का’ला उत्तर ‘नाही’, पण ‘अटक झाली का’ला ‘होय’. एका तासाने जामीन मिळाला असेल तरी होय. चॅप्टर केसमध्ये (पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत) शांतता राखायचं बंधपत्र लिहून दिलं असेल आणि तो रकाना असेल, तर तिथेही होय. खाली ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमं, निकालाची तारीख लिहा आणि प्रत जोडा. रडगाणं लिहू नका. “भांडणात माझी चूक नव्हती” हे तिथे कुणी विचारलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हे बरंचसं स्पष्ट केलं आहे. माहिती खरीच द्यायची. खरी दिली तरी नेमणूक द्यायलाच हवी असं बंधन मालकावर नाही, त्याला पूर्वेतिहास तपासता येतो. म्हणजे ‘होय’ लिहून नोकरीची हमी मिळत नाही. तरी मी प्रत्येकाला ‘होय’च लिहायला लावतो. जुन्या किरकोळ केसवर साहेबांसमोर बाजू मांडता येते, खोट्या माहितीखाली केलेल्या सहीवर मांडायला काही उरत नाही.

घटनेच्या दिवशी वय १८ च्या आत होतं, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ ची कलमं २४ आणि ७४ वकिलाकडून समजून घ्या. अपात्रता लागत नाही, आणि बंद झालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नसते. सोळा वर्षांवरच्या मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला असेल, तर गोष्ट वेगळी.

लैंगिक गुन्हा किंवा एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) शिक्षा झाली असेल, तर कॉलेजची फी भरायच्या आधी वकिलाकडे जा. तीन वर्षं आणि आईचे दागिने गहाण टाकून झाल्यावर माझ्याकडे आलेला मुलगा मी पाहिला आहे.

भरलेल्या नमुन्याची झेरॉक्स निकालाच्या फाइलमध्येच ठेवा. पुढे नोकरी बदलताना किंवा परदेशी जाताना पडताळणी पुन्हा होते, आणि तेव्हाची उत्तरं या उत्तरांशी तारखेसकट जुळावी लागतात.