विंडोज ११ : जुनं रूप परत आणण्याच्या नादात या चुका टाळा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतके दिवस टाळाटाळ करणाऱ्यांनाही ११ वर यावं लागलं. नागपुरात आकाशवाणी चौकाजवळचे कोर्टाचे टायपिंगवाले असोत की महालातले पत्रिका छापणारे, पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, स्टार्ट बटन मधात काहून आलं?"

तक्रार रास्त आहे. पण कॉम्प्युटर त्या बटनामुळे बिघडत नाही. ते हलवायला जे काय काय टाकलं जातं, त्यानं बिघडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यूट्यूबवरचा २०२१ चा व्हिडिओ पाहून एखादा पॅच, म्हणजे विंडोजचं रूप बदलणारा बाहेरचा प्रोग्राम, टाकणं. तेव्हा त्याची गरज होती, कारण ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं तेच कितीतरी सोयी गाळून. पण लोक ओरडले की मायक्रोसॉफ्ट थोडं मागे सरते, हा जुनाच अनुभव आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटन काढलं आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये परत दिलं. ११ मध्येही फाइल ओढून टास्कबारवर (खालच्या पट्टीवर) नेण्याची सोय २०२२ मध्ये परतली, तर प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दिसण्याची २०२३ मध्ये. म्हणजे ज्यासाठी पॅच शोधताय ते सेटिंगमध्येच असू शकतं. पर्सनलायझेशन, टास्कबार, मग टास्कबार बिहेव्हियर्स उघडा. अलाइनमेंट 'लेफ्ट' करा, बटनं एकत्र करण्याच्या पर्यायात 'नेव्हर' निवडा. अर्धी चिडचिड तिथेच संपते.

पॅच टाकलाच असेल, तर मोठ्या अपडेटच्या आधी काढा. हे प्रोग्राम विंडोजच्या आतल्या रचनेला हात घालतात. ती बदलली की टास्कबार गायब होतो किंवा स्क्रीन सारखी लुकलुकत राहते. २४एच२ या २०२४ च्या मोठ्या अपडेटच्या वेळी असे काही प्रोग्राम सापडलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टनं अपडेटच अडवून धरलं होतं.

राइट क्लिकचा नवा मेनू मात्र मलाही पटलेला नाही. रोज दहादा लागणारी गोष्ट 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे कशाला दडवायची? तरी त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, बोटं घालू नका. शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक केलं की जुना मेनू सरळ उघडतो.

आता मराठी टायपिंगवाल्यांसाठी. विंडोज नव्यानं टाकताना कृतिदेवसारखे फॉन्ट वाचवायचे राहून जातात आणि मग जुन्या अर्जांतल्या मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी फॉन्टच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. परत टाकताना नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं तर फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो आणि पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रामला कधी कधी दिसतच नाही. 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. तो पर्याय सापडला नाही, तर वर सांगितलेला शिफ्टवाला मेनू उघडा.

डेस्कटॉपवरच्या फाइली नाहीशा झाल्या, अशीही ओरड असते. बहुतेक वेळा वनड्राइव्हनं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीनं, डेस्कटॉपचं फोल्डर स्वतःकडे ओढलेलं असतं. घाबरून वनड्राइव्ह उडवू नका. आधी त्याच्या फोल्डरमध्ये पाहा, फाइली सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि मगच बॅकअप बंद करा. फुकटची जागा तशीही फक्त ५ जीबी आहे. पत्रिकांच्या डिझाइनला ती किती पुरणार?

आणि नाहीच जमलं, तर १० वर परतायला अपग्रेडनंतर साधारण १० दिवस मिळतात : सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'गो बॅक'. पण जागा करायला कुणी जुनं विंडोज ठेवलेलं 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर साफ केलं की ही वाट बंद. परतलात तरी १० ला आता नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट नाहीत, हे धरून चाला. आणि यातलं काहीही मे महिन्याच्या दुपारी यूपीएसशिवाय सुरू करू नका. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर सीताबर्डीच्या रिपेअरवाल्याकडे चक्कर ठरलेली.