वणव्याच्या दिवसांत काजू-आंब्याची बाग कशी राखावी

दिवाळी सरली की सड्यावरचे (कातळाच्या माळावरचे) गवत पिवळे पडू लागते आणि पौषापर्यंत ते पेटायला तयार असते. तिथपासून पहिला वळीव पडेपर्यंत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात वणव्याचा हंगाम. काजू बी गोळा करण्याचे आणि आंबा उतरवण्याचे दिवसही हेच, त्यामुळे वर्षाची कमाई झाडावर असतानाच आग येते. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात: विडीचे थोटूक, आवाक्याबाहेर गेलेली भाजावळ (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणे), मध काढायला केलेला धूर, शिकारीसाठी लावलेली आग, नाहीतर ‘जाळले की गवत चांगले फुटते’ हा जुना समज. काही वेळा लोंबत्या वीजतारा एकमेकींना घासून ठिणग्या पडतात.

हद्दीचा पट्टा

कलमांखालची बेणणी (गवत-झुडपे काढणे) सगळेच करतात, खर्च करताना हात आखडतो तो हद्दीवर. आग मात्र हद्दीवरूनच आत शिरते. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, गवतात थोडी ओल असतानाच बागेच्या चारही बाजूंनी पट्टा काढावा. सपाटीवर किमान १० फूट, आणि उताराच्या खालच्या अंगाला त्याच्या दुप्पट, कारण आग चढावर धावत सुटते. ऑस्ट्रेलियातले वणवा अभ्यासक एक ठोकताळा वापरतात: चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्या डोंगरउतारांवर तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कापलेले गवत पट्ट्यातच पडू दिले तर कापले काय आणि न कापले काय, सारखेच. ते उचलून आत आणावे. जानेवारीनंतर पातेरा (वाळका पाला) गळतो, तेव्हा पट्टा पुन्हा एकदा झाडून घ्यावा. ब्लोअर भाड्याने मिळाला तर काम झटपट होते. चिऱ्याचा गडगा (दगडी बांध) गवताची आग अडवतो, पण त्याच्या बुडाशी साचलेला पाला काढायला हवा. वाळक्या काट्यांची वई (कुंपण) असेल तर तीच आग बागेभर फिरवते, तेव्हा निदान मांगराजवळचा (बागेतल्या खोपटाजवळचा) भाग तरी मोकळा करावा. आणि मार्च-एप्रिलमध्ये ग्रासकटर चालवायचाच झाला तर लोखंडी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावावी आणि दव असताना सकाळीच काम उरकावे. पाते कातळावर घासले की ठिणगी उडते.

खरी अडचण शेजारच्या पडीक जमिनीची असते. सातबाऱ्यावर वीस नावे, सगळी मुंबईत, आणि गवत कमरेएवढे. या मंडळींना गणपतीत गाठावे. गावात असतात, मनही मोकळे असते. त्यांच्या बाजूचाही पट्टा कापायची परवानगी आणि जमल्यास निम्मा खर्च तेव्हाच ठरवून घ्यावा. शिमग्याला विषय काढला तर उशीर झालेला असतो. वाडीतल्या चार-पाच बागायतदारांनी मिळून सलग पट्टा काढला तर मजुरी कमी पडते आणि मधे फट राहत नाही.

आच्छादन, भाजावळ, वीज

आळ्यात पातेऱ्याचे आच्छादन घालावे असा सल्ला एरवी दिला जातो, आणि तो बरोबरही आहे. फक्त हद्दीलगतच्या दोन ओळींत आच्छादन घालू नये. आतल्या झाडांखाली पातेऱ्यावर मातीचा पातळ थर किंवा शेणकाला टाकावा. बाकीचा पातेरा खड्ड्यात कुजवावा, जाळू नये.

तरव्याच्या (भातरोपांच्या) जागेची भाजावळ करायचीच असेल तर वारा पडलेला असताना पहाटे करावी, भोवतीची जमीन आधी खरवडून घ्यावी, शेजाऱ्याला सांगावे, आणि पाणी व दोन माणसे हाताशी असल्याशिवाय काडी ओढू नये. नऊच्या आत आग पूर्ण विझलेली हवी. राखेवर पाणी मारून दुपारी पुन्हा पाहावे, कारण खारा वारा सुटला की निखारे परत पेटतात. लगतच्या राखीव वनात आग गेली तर भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार तो गुन्हा ठरतो.

डीपी (विजेचे रोहित्र) आणि खांबांखालचे गवत काढून टाकावे. लोंबत्या तारांची तक्रार १९१२ वर करून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. तारांना लागलेल्या फांद्या स्वतः छाटायला जाऊ नये.

पाणी आणि हत्यारे

आगीत वीज जाते आणि मोटर बंद पडते हे गृहीत धरावे. पऱ्यावरून किंवा झऱ्यावरून आणलेला काळा पाइप रानातून उघडाच टाकलेला असतो, तो पहिल्या झटक्यात वितळतो. तो वीतभर तरी पुरावा, नाहीतर दोन्ही बाजूंनी जमीन साफ ठेवावी. उंचावरची टाकी जानेवारीपासून भरलेली असावी. आंब्यावर फवारणीला वापरतो तो एचटीपी पंप आणि २०० लिटरचे पिंप हा आपल्याकडचा छोटा अग्निशमन बंबच आहे. औषध धुऊन काढून, पेट्रोल भरून, तो चालू होतो का हे दर आठवड्याला पाहावे. पाठीवरचे पंप, कोयती, लोखंडी दाताळे, फावडे एकाच जागी, राखणदाराला माहीत असलेल्या ठिकाणी ठेवावीत. राखणदार नेपाळचा असेल, वाडीत नवा असेल, तर त्याला पट्टा, टाकी आणि बाहेर पडायची वाट हंगामाच्या सुरुवातीला फिरून दाखवावी.

पेंढ्याची उडवी आणि पावसाळ्यासाठी रचलेला लाकूडफाटा घर-गोठ्यापासून ५० फूट तरी लांब असावा. वाळवलेली काजू बी मांगरात साठवू नये. टरफलातले तेल भडकते आणि त्याचा धूर डोळ्यांना, कातडीला झोंबतो.

आग आली तर

प्रथम १०१ किंवा ११२, जंगल लगत असेल तर वनविभागाचा १९२६. गुरे-शेळ्यांची दावी कापून त्यांना मोकळे करावे. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट, तोंडाला ओले फडके. आगीच्या वरच्या बाजूला उतारावर कधीही उभे राहू नये. विझवायला सुरुवात जळून काळ्या पडलेल्या बाजूने, आगीच्या शेपटाकडून आणि कडांनी करावी. ओले टहाळे घेऊन ज्वाळा दाबाव्यात. समोरून भिडू नये. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या की मागे फिरावे, आणि कोंडी झाली तर जळून गेलेली मोकळी जागा गाठावी. वनकर्मचारी नसताना समोरून उलट आग लावण्याच्या फंदात पडू नये.

दुपारी खाऱ्या वाऱ्याने डोंगराकडे गेलेली आग रात्री मतलई वाऱ्यावर परत फिरू शकते. म्हणून खुंट, पोकळ बुंधे, शेणीचे ढीग विझले का ते रात्री पाहावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही पुन्हा तपासावे.

आगीनंतर

हवामान आधारित फळपीक विम्यात पाऊस, तापमान, वारा, गारपीट हे धोके धरलेले आहेत. आग त्यात नाही. म्हणून कागद पक्के हवेत. ई-पीक पाहणीत कलमांची नोंद, हंगामाआधीचे तारखेसह फोटो, आणि जळाल्यावर काही हलवण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा. तारांमुळे आग लागली असेल तर विद्युत निरीक्षकाच्या तपासणीसाठी लगेच अर्ज द्यावा. भरपाईच्या वेळी त्यांचा अहवाल लागतो.

होरपळलेले झाड लगेच तोडू नका. साल नखाने खरवडून आत हिरवे दिसते का पाहा. हिरवे असेल तर खोडाला चुना लावा, कारण पाने गेल्याने उघडे पडलेले खोड उन्हाने तडकते, आणि आळ्यात पाणी द्या. पाऊस लागून नवे फुटवे आले की मेलेला भाग तिथपर्यंत छाटून कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर). अशक्त झाडाला खोडकिडा पटकन लागतो, तेव्हा बुंध्याशी भुसा दिसतो का यावर वर्षभर लक्ष ठेवा. फुटवा कलमाच्या जोडाच्या वरून आला तर कलम वाचले. जोडाखालून आला तर तो खुंटाचा (ज्यावर कलम बांधले त्या मूळ रोपाचा), म्हणजे रायवळ. त्यातला एक जोमदार ठेवून पुढच्या पावसाळ्यात जागेवरच मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावरचे कलम) बांधता येते. कलमासाठी काड्या कोणत्या झाडाच्या घ्यायच्या ते मात्र त्याआधीच हेरून ठेवा.