स्कॅनरला हात लावण्याआधी रुमाल सोडा

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या कचेरीच्या दप्तरखान्यात शिरलं. भिजलेल्या नस्त्या, म्हणजे फायली, पान-पान सुटं करून पंख्याखाली वाळवल्या, पण काही पानांची शाई गेली ती गेलीच. त्यानंतर अव्वल कारकून म्हणून निवृत्त होईपर्यंत मी जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले नस्त्यांचे गठ्ठे, सोडून नस्त्या ई-ऑफिस या सरकारी संगणक प्रणालीसाठी तयार करत होते.

आधी निंदणी करा, म्हणजे जपायचे आणि नष्ट करायचे कागद वेगळे करा. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ब' वर्गाचा 30 वर्षं. मुदत संपलेला 'ड' कागद मंजुरी घेऊन नष्ट करा, तो स्कॅन करत बसू नका. मग टाचण्या आणि नाडे काढा, टिप्पणी (कचेरीतले शेरे) आणि पत्रव्यवहार वेगळे ठेवा, पेन्सिलीने पृष्ठांकन करा. पानाची मागची बाजू सोडू नका. कितीदा तरी साहेबांचा खरा निर्णय मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळींत असतो. स्कॅनची स्पष्टता 300 डीपीआय पुरे, फिकट शाई असेल तर रंगीत घ्या.

आता खरं काम, सूची. 'स्कॅन 001' अशी नावं देऊन हजार फायली चढवल्या तर त्या पुन्हा सापडत नाहीत. माणूस काउंटरवर येऊन काय विचारतो ते आठवा. कडेगावच्या आजोबांना जुना सर्व्हे नंबर पाठ असतो, जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा गट नंबर नसतो. म्हणून दोन्ही नंबर भरा. कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यात होतं, तेव्हा जुना तालुकाही हवा. जिल्ह्याचंही तेच: 1949 साली हा 'दक्षिण सातारा' झाला आणि 1960 साली 'सांगली'. मधल्या कागदांवर जुनंच नाव आहे, ते शोधात यायला हवं. मोडी कागद असेल तर जाणकाराकडून विषय आणि गाव तरी देवनागरीत लिहून घ्या.

स्कॅन झालं म्हणून 'अ' वर्गाचा मूळ कागद रद्दीत घालू नका. कोर्ट मूळ मागू शकतं. आणि दुसरी प्रत त्याच इमारतीतल्या कपाटात नको, पुराच्या पट्ट्याबाहेर ठेवा.

रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पाच नस्त्या दुसऱ्या कारकुनाला फक्त गाव आणि खातेदाराचं नाव सांगून शोधायला लावा. एक जरी सापडली नाही, तर दुसऱ्या दिवशी नवा रुमाल सोडण्याआधी तिची सूची दुरुस्त करा.