ट्रेलच्या इतिहासातल्या बायका कुठे आणि कशा शोधायच्या

आमचा न्यू जर्सीत आठ-दहा मराठी लोकांचा ग्रुप आहे, दर उन्हाळ्यात आम्ही अ‍ॅपलाचियन ट्रेलचे छोटे छोटे तुकडे चालतो. पूर्ण ट्रेल म्हणजे अमेरिकेतली डोंगरांतून जाणारी लांबलचक पायवाट, जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यं, साधारण ३,५०० किलोमीटर. एका वर्षी ठरलं की प्रत्येक वॉकला कोणीतरी ट्रेलच्या इतिहासातली एक गोष्ट तयार करून आणायची. पहिल्या तीन वॉकला बेंटन मकाय (१९२१ मध्ये ट्रेलची कल्पना यांनीच मांडली), मायरन एव्हरी (ती कल्पना प्रत्यक्षात उतरवणारे) आणि १९४८ मध्ये एका दमात ट्रेल पूर्ण करणारा अर्ल शेफर झाले. तिसऱ्या वॉकला चहाच्या वेळी ग्रुपमधल्या मावशींनी विचारलं, "अगं, आणि बायका कुठे होत्या?" मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागलं. तेव्हापासून शोधतेय, आणि आता जी पद्धत बसलीये ती लिहिते, कोणत्याही ट्रेलला चालेल.

आधी तुकडा छोटा घ्या. पूर्ण ट्रेलचा इतिहास काढायला बसलात की तीच पाच-सहा नावं परत परत येतात. या ट्रेलची देखभाल तीसेक स्वयंसेवी क्लब करतात, प्रत्येकाकडे आपापला पट्टा असतो, तर तुम्ही चालणार असाल त्या पट्ट्याचा क्लब शोधा आणि त्यांची जुनी बुलेटिनं, वार्तापत्रं, मीटिंगचे वृत्तांत मागा. बरंचसं स्कॅन झालेलं असतं, आणि नसेल तर नम्रपणे मेल टाका, या लोकांना कोणी विचारलं की आनंद होतो.

मग सगळ्यात महत्त्वाचं, विक्रम शोधू नका, काम शोधा. "पहिलं कोण चाललं" विचारलं की बहुतेक वेळा पुरुषच सापडतो. पण ट्रेल काय नुसता चालून होत नाही ना, तो आखावा लागतो, झाडांवर पांढरे पट्टे मारावे लागतात, गाइडबुक टाइप करावं लागतं, शेकडो पत्रांना उत्तरं द्यावी लागतात, जमीन कोणाची आहे ते बघावं लागतं. ही कामांची यादी कागदावर काढा आणि प्रत्येक कामापुढे "हे कोणी केलं?" एवढंच लिहून शोधायला लागा, बायका भराभर सापडायला लागतात.

मला अशीच जीन स्टीफन्सन सापडली. १९३९ मध्ये 'अ‍ॅपलाचियन ट्रेलवे न्यूज' हा अंक तिने सुरू केला आणि १९६४ पर्यंत, म्हणजे तब्बल २५ वर्षं, संपादन केलं. जॉर्जियाचा क्लब काय करतोय हे मेनच्या क्लबला कळायचं ते या अंकातून, वादळाने रस्ता कुठे मोडला, ट्रेल कुठून वळवला, सगळं त्यात. आणि ही बाई वंशावळींची मोठी अभ्यासक होती, लोकांचे पूर्वज शोधून द्यायची! एक सांगते, मराठीत शोधताना माझी फसगत झाली होती, कारण १९५१ मध्ये ट्रेल पूर्ण करणारा जीन एस्पी हा पुरुष आणि जीन स्टीफन्सन ही बाई, आपल्याकडे दोन्ही "जीन"च लिहितो. नावावरून अंदाज बांधू नका, दोन ठिकाणी ताडून बघा.

दुसरी रूथ ब्लॅकबर्न. जमिनीची खरेदी-विक्री म्हटलं की आपल्याला तलाठी आणि सातबारा आठवतो, तिकडे ते काम काउंटीच्या कोर्टात जाड जाड दस्तांच्या वह्यांत बसून करावं लागायचं, आणि ट्रेलच्या आजूबाजूची जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे हे शोधायला ही बाई तिथे तासन् तास बसायची. ते कागद नसते तर ट्रेलचा पट्टा कायमचा सुरक्षित करणं फार अवघड गेलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. १९८० मध्ये ती ट्रेलच्या मुख्य संस्थेची अध्यक्षही झाली.

आता नावांचं. जुन्या याद्यांमध्ये लग्न झालेल्या बाईचं नाव खूपदा "मिसेस" आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव असं असतं, तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही. आपल्याकडे माहेरचं आणि सासरचं नाव असतं तसंच समजा आणि प्रत्येक बाईला तिन्ही प्रकारे शोधा, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, नवऱ्याचं नाव. मिल्ड्रेड नॉर्मन हे त्याचं चांगलं उदाहरण. १९५२ मध्ये ती एका मित्राबरोबर एकाच मोसमात पूर्ण ट्रेल चालली. सासरचं नाव रायडर, आणि १९५३ च्या १ जानेवारीपासून तिने शांततेसाठी देशभर चालायला सुरुवात केली तेव्हा 'पीस पिलग्रिम' हे एकच नाव घेतलं. एका नावाने शोधलंत तर अर्धी बाई हातातून सुटते.

"पहिली महिला" असं कुठे दिसलं की थांबा आणि विचारा, कशात पहिली? मेरी किलपॅट्रिकने तुकड्या-तुकड्याने ट्रेल १९३९ मध्ये पूर्ण केला. मिल्ड्रेड एका मोसमात, पण सोबतीने, आणि अर्धा उत्तरेकडे तर अर्धा दक्षिणेकडे अशी चालली. एमा गेटवुड १९५५ मध्ये एकटी आणि सलग. तिघीही आपापल्या जागी पहिल्या आहेत, भांडायचं कारण नाही, फक्त वाक्य पूर्ण लिहा.

एमाबाईंवर जरा थांबते कारण त्यांची गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते आणि सगळ्यात जास्त गुळगुळीत करून सांगितली जाते. ११ मुलांची आई, वय ६७, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेला डेनिमचा झोळा, पावसासाठी बाथरूमचा पडदा. ३ मे १९५५ ला निघाली, २५ सप्टेंबरला कटाडिनवर, १४६ दिवस. वाचताना छान वाटतं, गोड आजी. पण आदल्या वर्षी ती मेनमधून निघाली होती, रस्ता चुकली, चष्मा फुटला आणि रेंजरनी तिला घरी जायला सांगितलं, हे सांगा. नवरा तिला वर्षानुवर्षं मारायचा, शेवटी तिने घटस्फोट घेतला, हेही सांगा. पत्रकारांना ती विधवा आहे असं सांगायची, नवरा तर तेव्हा जिवंत होता. म्हणजे पेपरात छापलेली आणि खुद्द तिने सांगितलेली गोष्टही तपासून घ्यावी लागते, आणि तपासल्यावर तिला खोटारडी म्हणू नका, त्या काळात त्या वयाच्या बाईला "नवरा कुठाय?" या प्रश्नाला तोंड देत गावोगाव जायचं होतं. मला तर हे कळल्यावर तिच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

ज्या बायका चालल्या नाहीत, तिथेच राहायच्या, त्या सोडू नका. व्हर्जिनियात शेनान्डोआ नॅशनल पार्क करताना १९३० च्या दशकात डोंगरातली शेकडो कुटुंबं उठवली, ट्रेल आज त्याच पार्कातून शंभरेक मैल जातो. आजूबाजूला जुन्या कौटुंबिक दफनभूमी आहेत, दगडांवरची नावं वाचा, फोटो काढा, पण हात लावू नका. तिथल्या लोकांच्या मुलाखती जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीकडे आहेत, त्यात घर, सफरचंदं, बाळंतपणं असलं सगळं शोधा.

सांगायचं कसं? चालताना पाच मिनिटांच्या वर नाही, लोक दमलेले असतात. एकच बाई, एकच जागा, आणि जमलं तर हातात द्यायला एखादी वस्तू. मी जुन्या जीन्सच्या पायाचा एक झोळा शिवला, दोरी घातली, त्यात ब्लँकेट, बेदाणे, पाण्याची बाटली आणि शॉवर कर्टन भरून सात किलो केलं आणि न्यू जर्सीतल्या हाय पॉइंटच्या वॉकला प्रत्येकाने दहा-दहा मिनिटं घ्यायचा असं ठरवलं. सॅकसारखं वजन कमरेवर येत नाही, सगळं एका खांद्यावर, दोरी काचते, दर थोड्या वेळाने खांदा बदलावा लागतो आणि बदलताना दगडांवर तोल जातो. ग्रुपमधला एक कॉलेजचा मुलगा आधी बोलत होता, झोळा घेतल्यावर गप्प झाला आणि मग म्हणाला, १४६ दिवस? त्यानंतर मला जास्त काही सांगावं लागलं नाही.

पेन्सिल्व्हेनियात पाइन ग्रोव्ह फर्नेसला ट्रेलचं म्युझियम आहे, २०१० मध्ये सुरू झालेलं, तिथे एक दिवस नक्की काढा. त्यांच्या हॉल ऑफ फेमचे २०११ चे पहिले सहाही जण पुरुष होते, गेटवुडबाई आणि जीन स्टीफन्सन नंतर आल्या. मुलांना ही यादी वर्षानुसार वाचायला द्या, ती स्वतःच प्रश्न विचारतात.

आमचा पुढचा वॉक ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियात ब्लॅकबर्न ट्रेल सेंटरजवळ आहे, ती जागा रूथ आणि तिचा नवरा फ्रेड यांच्या नावाची. गोष्ट सांगायची पाळी मावशींची आहे, त्यांनी आत्तापासूनच क्लबला मेल टाकून जुन्या बुलेटिनच्या कॉपी मागवल्यात आणि रोज रात्री मला फोन करून विचारतात, हे "मिसेस" म्हणजे नक्की कोण गं?