वर्गातले फोन जमा करताना

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. आमची बरीच मुलं धायरी, वारज्याहून पीएमपीच्या बसने येतात. काहींना स्वारगेटला बस बदलावी लागते. त्यांच्या घरच्यांना ‘फोन आणूच देऊ नका’ म्हणणं मला पटत नाही. फोन येऊ दे, पण तासाला तो मुलाच्या हाताशी नको.

सुरुवात जूनमधल्या पालकसभेपासून करा. तासाच्या मध्येच ‘डबा खाल्लास का’ म्हणून फोन करणारे बहुधा पालकच असतात, हे स्पष्ट बोला. शाळेच्या ऑफिसचा नंबर द्या. निरोप आला की शिपाईमामांनी चिठ्ठी लगेच वर्गात पोचवायची. हे चोख झालं तरच पालक निर्धास्त होतात, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

चपला ठेवायचा खिशांचा कापडी पडदा तुळशीबागेत मिळतो. प्रत्येक खिशावर हजेरी क्रमांक घाला. हजेरी घेताना एकेकाला पुढे बोलवा. स्क्रीन सुरू असलेली बघा, मग आपल्यासमोर फोन बंद करायला लावा. जुना, बिघडलेला फोन खिशात टाकून खरा दप्तरात ठेवणारे असतात, म्हणून हा खटाटोप. सायलेंट चालणार नाही. फोन थरथरला तरी अख्खा वर्ग माना वळवतो. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय, लक्ष एकदा विचलित झालं की परत लागायला वीस मिनिटंही जाऊ शकतात. आपला तास पस्तीस मिनिटांचा! स्मार्टवॉचही काढून घ्या. मग पडदा कपाटात, कुलूप, किल्ली आपल्याकडे.

मधुमेह असलेल्या मुलाचा रक्तातली साखर मोजणारा सेन्सर फोनला जोडलेला असेल तर तो फोन त्याच्याकडेच राहू द्या, आणि सगळ्या विषयशिक्षकांना तसं सांगून ठेवा.

चोरून वापरताना कुणी सापडलं तर फोन घ्या, त्याच संध्याकाळी पालकांच्या हातात द्या. आठ-आठ दिवस अडकवून ठेवू नका. आणि कृपा करून तो उघडू नका. मुलीचा मेसेज वर्गात मोठ्याने वाचून दाखवणं ही शिस्त नव्हे, तिचा अपमान आहे.

गृहपाठ व्हॉट्सअॅपवर टाकणं आपणही थांबवायचं, फळ्यावर लिहायचा. आपला फोन स्टाफरूममध्ये ठेवायचा.

शेवटची घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी वाटप सुरू करा, बसने जाणाऱ्यांना पहिल्यांदा.